महाबळेश्वरला बर्फ पडतो का?

आधीच सांगून ठेवते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. घरी मराठी बोलतो, पण मराठीत लिहायची वेळ दहावीनंतर आलीच नव्हती. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. विषय मात्र असा आहे की तो मला मराठीतच सांगावासा वाटला. का, ते शेवटी कळेल.

गोष्ट मागच्या डिसेंबरातली. थंडी नुकतीच सुरू झाली होती. आपल्या पुनावळ्यात पवनेच्या बाजूला पहाटे धुकं दिसायला लागलं होतं, हॉस्टेलच्या गीझरपुढे बादल्यांची रांग लागायला लागली होती. एका सकाळी मेसमध्ये पोहे खाताना कुणीतरी मोबाईल पुढे केला. "महाबळेश्वरमध्ये बर्फवृष्टी!" खाली फोटो. गाडीचं छत पांढरं, गवत पांढरं, आणि एका मुलाच्या हातात चुरलेल्या बर्फाची मूठ. झालं! पाच मिनिटांत अख्ख्या टेबलाचा शनिवार-रविवारचा बेत ठरला.

माझी रूममेट मात्र गप्प होती. तिचं घर तिथलंच, वेण्णा लेकच्या खालच्या अंगाला, लिंगमळ्याच्या बाजूचं. घरची स्ट्रॉबेरी. ती एवढंच म्हणाली, "या वर्षी लवकरच आलं. बाबांना फोन करते."

तो फोन तिने का केला, हे मला शनिवारी कळलं.

बर्फ नव्हे, दहिवर

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही स्वारगेटहून एसटीने निघालो. सुरूर फाटा, वाई, पसरणीचा घाट, पाचगणी, भिलार असं करत रात्री उतरलो. काकूंनी गरम भाकरी वाढली आणि काका म्हणाले, "बघायचं असेल तर पाचला उठा. ऊन आलं की खेळ खलास."

पाचला उठलो. वारा अजिबात नाही. आकाश इतकं स्वच्छ की पुण्यात कधी दिसत नाहीत एवढ्या चांदण्या. लेकच्या काठाला आलो तर नौकाविहाराच्या धक्क्याच्या फळ्यांवर पांढरा थर. उभ्या गाड्यांच्या छतावर थर. स्ट्रॉबेरीच्या पानांच्या कडांना साखर लावल्यासारखे कण. आणि लेकचं पाणी? ते मस्त हलत होतं, वर वाफेसारखं धुकं. मी पाण्यात हात घातला तर ते चक्क कोमट वाटलं!

परत आल्यावर मी आजींना मोठ्या उत्साहाने म्हटलं, "आजी, बर्फ पाहिला!" त्या चुलीपुढून न उठता म्हणाल्या, "बर्फ कसला गं पोरी, दहिवर आहे ते."

दहिवर! हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. इंग्रजीत त्याला काय म्हणतात ते मला ठाऊक होतं, ख्रिसमसच्या कवितांमध्ये शाळेत दहादा वाचलं होतं. पण आपल्या भाषेत त्याला शब्द आहे, म्हणजे ते आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या पडतंय, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

तर पहिला मुद्दा हा. महाबळेश्वरला जे दिसतं ते आकाशातून पडलेलं नसतं. तीन गोष्टी वेगळ्या आहेत आणि आपण त्यांची खिचडी करतो.

हिम म्हणजे ढगातच बाष्पाचे स्फटिक होतात आणि ते न वितळता जमिनीपर्यंत येतात. त्यासाठी ढगापासून खालपर्यंतची हवा शून्याच्या आसपास किंवा खाली लागते. आपल्या सह्याद्रीत तसं होत नाही.

गार म्हणजे वादळी, उंच वाढलेल्या ढगात पाण्याचे थेंब वरखाली होत, थरावर थर चढत गोठतात आणि गोळा होऊन आदळतात. हे आपल्याकडे भरपूर. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ, मराठवाड्यापासून पश्चिम महाराष्ट्रापर्यंत जी गारपीट झाली, तिने उभी पिकं झोपवली. पण गार ही वळवाच्या आणि अवकाळी पावसाची गोष्ट. स्वच्छ आकाशातून गार पडत नाही.

आणि दहिवर, ज्याला पेपरवाले 'हिमकण' म्हणतात, ते जिथल्या तिथे तयार होतं. हवेतलं बाष्प थंड पानावर दंव म्हणून जमतं आणि ते दंव गोठतं. किंवा पान आधीच शून्याखाली गेलेलं असेल तर बाष्प पाणी न होता थेट स्फटिक होऊन बसतं. पहिल्या प्रकारात काचेच्या मण्यांसारखे कण दिसतात, दुसऱ्यात पिसांसारखी पांढरी नक्षी. म्हणून त्याला ढग लागत नाहीत. उलट, ढग आले की खेळ बिघडतो!

गाडीचं छत गोठतं, तळं का गोठत नाही?

आता आपल्या अभ्यासातलं. हीट ट्रान्सफरचा पेपर ज्यांचा बॅकलॉग आहे त्यांनीही वाचावं, अजिबात अवघड नाही.

प्रत्येक वस्तू आपली उष्णता किरणांच्या रूपाने सतत बाहेर टाकत असते. पाच अंश सेल्सिअसला असलेला पृष्ठभाग दर चौरस मीटरला साधारण ३४० वॅट एवढी ऊर्जा टाकतो. आकाशही थोडी परत पाठवतं, कारण हवेतलं बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड तेही किरणोत्सर्ग करतात. ढगाळ रात्री ढग गोधडीचं काम करतात आणि दिलं-घेतलं जवळजवळ सारखं होतं. पण कोरड्या, स्वच्छ रात्री परत येतात सुमारे २७० वॅट. म्हणजे दर चौरस मीटरला ७० वॅटचा तोटा. छोट्या गावात रात्रभर एक जुना पिवळा बल्ब प्रत्येक चौरस मीटरवरून उष्णता घेऊन पळतोय, असं समजा.

आता गाडीचं छत घ्या. पत्रा ०.८ मिलिमीटर जाड धरू. एक चौरस मीटर पत्र्याचं वजन होतं साधारण सव्वासहा किलो. पोलादाची विशिष्ट उष्णता किलोला सुमारे ४६० ज्यूल. म्हणजे हा पत्रा एक अंशाने थंड करायला फक्त २९०० ज्यूल काढावे लागतात. ७० वॅटचा तोटा तसाच राहिला आणि हवेने काहीच मदत केली नाही असं धरलं, तर दहा अंश उतरायला किती वेळ? जेमतेम सात मिनिटं!

आता तळ्याचा फक्त वरचा दहा सेंटिमीटरचा थर घ्या. चौरस मीटरला १०० किलो पाणी, विशिष्ट उष्णता सुमारे ४१८६. त्याच ७० वॅटने दहा अंश उतरायला लागतात साडेसोळा तास. आणि एक मीटर खोलीचं पाणी धरलं तर जवळपास सात दिवस. शिवाय पाण्याचा वरचा थर थंड झाला की तो जड होऊन खाली जातो आणि खालचं उबदार पाणी वर येतं. हे चार अंशांपर्यंत चालू राहतं. रात्र असते बारा-तेरा तासांची, मग सूर्य येतोच. म्हणून तळं हलत राहतं आणि त्याच्याच काठावरच्या धक्क्याची फळी पांढरी होते. फळी पातळ, खालूनही हवेत उघडी, जमिनीची ऊब तिला मिळत नाही.

पण मग पत्रा उणे पन्नासला का जात नाही? कारण तो हवेपेक्षा थंड झाला की हवा त्याला उष्णता द्यायला लागते. शिवाय थंड झाल्यावर त्याचा स्वतःचा किरणोत्सर्गही कमी होतो. वारा नसताना हा हिशोब साधारण पाच अंशांवर जुळतो. म्हणजे आसपासची हवा चार-पाच अंश असेल तर पत्रा शून्याला टेकतो. 'तापमान शून्याखाली गेलं' म्हणून जे छापून येतं त्यातली गंमत ही आहे. हवा शून्याखाली गेलेली असतेच असं नाही, पृष्ठभाग गेलेला असतो. आणि वारा सुटला की हवा सतत उष्णता आणून देते, म्हणून वाऱ्याच्या रात्री दहिवर पडत नाही.

महाबळेश्वरपर्यंत जायचीही गरज नाही. उद्या सकाळी हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये बघा. शेडखालच्या गाड्यांच्या सीट कोरड्या, कडुनिंबाखालच्याही बऱ्यापैकी कोरड्या, आणि उघड्यावरच्या ओल्याचिंब. दंव 'पडतं' असं आपण म्हणतो, पण ते वरून पडत नाही. उघड्यावरची सीट आकाशाकडे बघते आणि थंड होते. शेडखालची सीट शेडकडे बघते. फरक एवढाच!

मग वेण्णा लेकलाच का?

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास उंच. हवा दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे कोकणाच्या तुलनेत आठ-नऊ अंश उंचीमुळेच कमी. पण गंमत बघा. हिवाळ्यात कितीतरी सकाळी पुण्याचं किमान तापमान महाबळेश्वरच्या वेधशाळेतल्या आकड्यापेक्षा कमी असतं. पुण्याचा नीचांक आहे १.७ अंश, १७ जानेवारी १९३५ चा. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस निफाडला पारा दोन अंशांच्या आसपास आला होता, आणि निफाड काही थंड हवेचं ठिकाण नाही, द्राक्षांचं गाव आहे. मग उंचीचं गणित कुठे गेलं?

उत्तर असं की रात्री जमीन थंड होते, तिला टेकलेली हवा थंड होते, आणि थंड हवा जड असते. जड हवा उतारावरून पाण्यासारखी वाहत खाली येते आणि खोलगट भागात साचते. दिवसा वर जाल तसं थंड वाटतं, अशा रात्री खालीच जास्त थंड असतं. उलटा थर तयार होतो. महाबळेश्वर गाव पठाराच्या उंच भागावर, दाट झाडीत. झाडी म्हणजे मोठी शेडच. थंड झालेली हवा तिथे थांबत नाही, खाली सरकते. आणि वेण्णा लेक व लिंगमळा हा खोलगट, उघडा भाग. गावातली थंड हवा जणू रात्रभर इथे मुक्कामाला येते. म्हणून वेधशाळेचा आकडा आठ-दहा अंश आणि लेकपाशी दहिवर, असं एकाच पहाटे होऊ शकतं. दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नसतं. त्यात वेधशाळेचा तापमापक लाकडी पेटीत, सावलीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंच असतो. स्ट्रॉबेरीचं झाड असतं वीतभर!

तळ्याचं काम एवढंच की ते बाष्प पुरवतं. हे तळं १८४२ मध्ये साताऱ्याचे छत्रपती अप्पासाहेब महाराज यांनी बांधवलं. पाणी कोमट, वरची हवा थंड, म्हणून ते वाफाळतं आणि काठावरच्या हवेत ओलावा राहतो. कोरड्या माळावर पारा तितकाच उतरला तरी एवढा पांढरा थर दिसत नाही, कारण गोठायला बाष्पच नसतं.

तळं मोठं असेल तर गोष्ट पार बदलते. माझी आत्या अमेरिकेत बफेलोजवळ राहते, ईरी सरोवराच्या काठच्या भागात. तिने सांगितलेलं २००६ चं वादळ मला पाठ आहे. १२ आणि १३ ऑक्टोबर. झाडांची पानंही गळली नव्हती. सरोवरात उन्हाळ्याची ऊब अजून होती आणि त्यावरून थंड हवेचा लोट आला. त्या हवेने खालून ऊब आणि बाष्प घेतलं, ढग उभे राहिले आणि सगळं ओझं काठावर उतरवलं. दोन दिवसांत सुमारे ५७ सेंटिमीटर बर्फ, तोही ओला आणि जड. पानांनी भरलेल्या फांद्यांना तो पेलवेना. आत्या म्हणते, रात्रभर बंदुकीच्या गोळ्यांसारखा फांद्या मोडल्याचा आवाज येत होता. तारा तुटल्या आणि जवळपास चार लाख ग्राहकांची वीज गेली. जानेवारीत तेवढाच बर्फ पडला असता तर तिकडे कुणी पानही हलवलं नसतं, कारण पानंच नसती. नुकसान बर्फाने केलं, तसं ते वेळेनेही केलं.

ही 'वेळ' लक्षात ठेवा. आता स्ट्रॉबेरीकडे येऊ.

फुलाचा डोळा

काकांनी मला शेतात नेलं. एक फूल दाखवलं. पाच पांढऱ्या पाकळ्या, एकदम ताजं. मी म्हटलं, "हे तर चांगलं आहे की!" काका म्हणाले, "डोळा बघ." पाकळ्यांच्या मधला पिवळा भाग काळा पडला होता. "आता याला फळ नाही."

देशातल्या स्ट्रॉबेरीपैकी बहुतेक महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यात पिकते. २०१० मध्ये तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला. पावसाळा सरता सरता लागवड होते, नोव्हेंबरपासून फळ सुरू होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत तोडे चालतात. म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला झाडावर एकाच वेळी कळ्या, उमललेली फुलं आणि हिरवी फळं असतात. यांची सोसायची ताकद वेगवेगळी. घट्ट मिटलेली कळी उणे पाचपर्यंत तग धरते. हिरवं फळ उणे दोनपर्यंत. उमललेलं फूल मात्र उणे एकलाच गेलं. आतलं पाणी गोठतं, पेशी मरतात आणि मधला भाग काळा पडतो. पाकळ्या तशाच राहतात. फोटोत सगळं छान दिसतं!

फूल ते फळ साधारण महिन्याचा प्रवास. डिसेंबरच्या सुरुवातीला डोळा जळला म्हणजे नाताळ ते नववर्ष, जेव्हा पर्यटक सगळ्यात जास्त आणि भाव सगळ्यात चांगला, तेव्हाचा तोडा गेला. दहिवर जानेवारीत पडणार हे काकांनी धरलेलंच असतं. ते लवकर आलं, हे दुखणं.

उपाय आणि त्यामागचं शास्त्र

काका रात्री तीनला उठून काय काय करतात ते मी बघितलं, आणि प्रत्येक गोष्टीत आपला सिलॅबस सापडला.

पहिला उपाय, आदल्या दिवशी जमिनीला पाणी. ओली माती दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री खालून वर लवकर पोचवते. कोरडी भुसभुशीत माती म्हणजे थर्माकोल.

दुसरा, पिकावर पातळ कापडाचं आच्छादन. ही झाडांची शेड. झाड आकाशाऐवजी कापडाकडे बघतं. साधा, पण खर्चिक.

तिसरा, तुषार. पाणी फवारायचं आणि ते झाडावर गोठू द्यायचं! ऐकायला वेडेपणा वाटतो. पण एक किलो पाणी गोठताना ३३४ किलोज्यूल उष्णता सोडतं, आणि जोवर गोठणं चालू आहे तोवर झाड शून्याच्या खाली जात नाही. अट एकच, मध्येच थांबायचं नाही. कारण तेच एक किलो पाणी बाष्प होऊन उडालं तर २५०० किलोज्यूल घेऊन जातं, म्हणजे साडेसात पट. पंप मध्येच बंद पडला तर फवारलेलं पाणीच झाडाला आणखी थंड करतं. आता विचार करा, पहाटे चारला लाइट गेली तर? काकांना दहिवरापेक्षा त्याचीच भीती जास्त.

चौथा, शेकोट्या. निफाडकडे द्राक्षबागेतही करतात. मला वाटायचं की धूर गोधडीसारखा पसरतो. पण धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून निघणाऱ्या लांब तरंगांच्या किरणांना ते फारसे अडवत नाहीत. काम करते ती आग. तीही एक मोठी होळी नको, जागोजागी लहान शेकोट्या हव्यात. मोठ्या जाळाची हवा सरळ वर निसटते, लहान जाळाची खालच्या थंड थरात मिसळते. हे मी काकांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ते म्हणाले, "म्हणूनच तर लहान लावतो." आमचे आजोबा कुठल्या कॉलेजात शिकले होते कुणास ठाऊक, असं रूममेट हळूच पुटपुटली!

शेवटी

ऊन आलं आणि थोड्याच वेळात सगळं पाणी होऊन गेलं. रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती. एक कुटुंब स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात उतरून पानांवरचे कण खरवडत होतं, पोराच्या हातात 'बर्फाचा गोळा' द्यायला. काका त्यांना काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "पाय जरा सांभाळून ठेवा, खाली नळी आहे."

मला लाज वाटली. कारण पहाटे मीही तसलाच फोटो काढला होता आणि 'स्नोफॉल!' असं लिहून स्टेटसला टाकला होता. परतीच्या एसटीत मी तो काढून टाकला. रूममेटने बघितलं, बोलली नाही, फक्त खिडकीची काच थोडी लावून घेतली, मला वारा लागत होता म्हणून.

मी जाऊ नका म्हणत नाही. जरूर जा. पहाटेचा तो धक्का, ते वाफाळणारं पाणी, एकदा तरी बघावं असंच आहे. पण रस्त्यावरून बघा, वाफ्यात उतरू नका. परत येताना स्ट्रॉबेरी शेतावरूनच घ्या, आणि भाव करताना त्या काळ्या डोळ्याची आठवण ठेवा. आणि कुणी म्हणालं, 'महाबळेश्वरला बर्फ पडला', तर त्याला आजींचा शब्द सांगा. बर्फ नाही, दहिवर!

हा लेख इंग्रजी विभागात दिला असता तर मला सोपं गेलं असतं. पण तिथे हा शब्द कुठे बसला असता?

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल